बांधलेली तोंडं आणि वखारीतला आवाज

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. नवस, अंगारे, उतारे... माझ्या वडिलांनी धम्म घेतला त्याच दिवशी हे सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर गेलं. शिवाय मी निपाणीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. असल्या नोकरीत माणूस भाबडा राहत नाही. तरीही हे लिहितोय, कारण त्या दुपारी मी एकटा नव्हतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. निपाणीहून कागलकडे जाताना कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीला लागून, अलीकडं कर्नाटकात, तातोबाची शेड होती. आत अल्सेशियन आणि पॉमेरियन कुत्र्या. पिल्लं मुंबई-गोव्याला जायची. तातोबा जिभेनं गोड. कुत्र्या घेऊन दवाखान्यात यायचा आणि "चावत्यात हो, सुई टोचू देत न्हाईत," म्हणायचा. मी हुरळून त्याला शिकवलं — बँडेजच्या पट्टीचा फास नाकावरून घ्यायचा, हनुवटीखाली तिढा, कानामागं गाठ. माझ्या गाठीला शेवटी एक उलटा वेढा असतो, दवाखान्यात त्यावरून माझी थट्टा व्हायची. "दोन मिनिटांचं काम, झालं की लगेच सोडायचं," हेही सांगितलं होतं. पण सांगून काय उपयोग, तो ऐकणारा नव्हता.

मग एका सकाळी ताराक्का आल्या. निवृत्त शिक्षिका, गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या. त्यांच्याबरोबर हातगाडीवर रस्त्याकडेला टाकून दिलेली एक अल्सेशियन कुत्री होती. जाळी चावून चावून दात झिजलेले, नखं वाढून पंजात वळलेली, स्तन जमिनीला टेकणारे.

"पिल्लं देऊन देऊन संपली बघ ही," ताराक्का म्हणाल्या. "तातोबाची हाय. आनि तू त्येला हसून हसून औषधं देतोस!"

मला मान वर करता येईना. ती कुत्री वाचली. पण मागं राहिलेल्यांचं काय?

आम्ही पोलिसांत तक्रार केली. अर्ज मराठीत होता म्हणून परत आला. कानडीत करून नेला, तर ठाण्यातले साहेब म्हणाले, "कुत्र्यांची केस? ती त्याची मालमत्ता आहे." कशीबशी तपासणी ठरली की तातोबाला आधीच वास लागायचा. मग तो सगळी कुत्री ओढ्यापलीकडं न्यायचा... म्हणजे महाराष्ट्रात! पलीकडचे पोलीस म्हणायचे, मालक कर्नाटकातला, तिकडं जा. आमच्याकडं सीमेसाठी माणसं लाठ्या खातात, आणि हा गडी त्याच सीमेवर धंदा करत होता. सहा महिने असेच गेले.

शेवटी मे महिन्यात एका दुपारी आम्ही न कळवता गेलो. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर, ताराक्का, मी, एक पंच आणि हवालदार. हवालदार कानडी माणूस, वैतागलेला. "शेवटचं येतो हां मी," असं बजावूनच जीपमध्ये बसला.

शेड रिकामी. पाण्याची भांडी मात्र ओली होती.

"इकली की सगळी," तातोबा हसत म्हणाला. "च्या घेनार?"

हवालदारानं वही मिटली. ताराक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही जीपकडं वळलो आणि... भुंकणं ऐकू आलं.

एकदोन कुत्र्यांचं नव्हे. दहा-वीस कुत्री जीव तोडून एकदम भुंकतात तसं. आवाज रस्त्यापलीकडच्या तंबाखूच्या जुन्या वखारीतून येत होता. ती बरीच वर्षं बंद होती. दाराला नवं कुलूप होतं.

"हे काय रे?" हवालदार तातोबाकडं वळला. तातोबाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पकडला गेला म्हणून घाबरला, असं तेव्हा मला वाटलं.

कुलूप तोडेपर्यंत आवाज चालू होता. दार उघडलं आणि तो थांबला. आत तापलेला पत्रा, तंबाखूची कोंदट धूळ, आणि ओळीनं पडलेल्या बावीस कुत्र्या. एकही उठली नाही. प्रत्येकीचं तोंड बँडेजनं घट्ट बांधलेलं. कानामागं गाठ, गाठीला उलटा वेढा.

माझी गाठ.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकल्या तरच त्याचं अंग निवतं. "अर्धा तास उशीर झाला असता तर एकही हाती लागली नसती," डॉक्टर म्हणाले. मी गुडघ्यावर बसून गाठी सोडत होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो. हवालदार टोपीतून पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतत होता. एकीच्या कुशीतलं पिल्लू आधीच गेलं होतं. बावीसही कुत्र्या वाचल्या.

दारात तातोबा मटकन बसला होता. "भुकू नयेत म्हनूनच बांधली हुती," तो पुटपुटत राहिला. "माझ्या हातानं बांधली... भुकली कशी?"

एकही पट्टी सैल नव्हती. प्रत्येक मीच सोडली, म्हणून खात्रीनं सांगतो. अशा गाठीत कुत्रं गुरगुरतं, कण्हतं, पण भुंकू शकत नाही. आम्ही वखारीभोवती फिरून पाहिलं. दुसरं कुत्रं कुठंच नव्हतं.

कोर्टात तातोबाच्या वकिलानं नेमकं हेच धरलं. पंचनाम्यात लिहिलंय भुंकणं ऐकून कुलूप तोडलं, आणि लिहिलंय तोंडं बांधलेली होती. मग पंचनामा खोटा! हवालदारानं थोडं बदलून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो शांतपणे म्हणाला, "दोन्ही खरं आहे, साहेब. कसं ते मला माहीत नाही." तातोबाला किरकोळ दंड झाला, पण शेड बंद पडली. कुत्र्या तोवर खानापूर, सदलगा, कडोली अशा गावांतल्या घराघरांत गेल्या होत्या. एकही परत द्यावी लागली नाही.

बाहेर आल्यावर मी हवालदाराचे आभार मानायला गेलो, तर तोच घुटमळत म्हणाला, "एखादी उरली असंल तर... माझ्या घरी अंगण मोठं आहे."

डॉक्टर म्हणायचे, वारा असेल, लांबून आवाज आला असेल. असेलही. त्या दिवशी पान हललं नव्हतं, पण मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की माझ्या हातून शिकलेल्या गाठीनं बावीस जीव जाणार होते, आणि ते गेले नाहीत. कोण भुंकलं, ते आजतागायत कळलेलं नाही. त्या रस्त्यानं बस जाते तेव्हा मी पडक्या वखारीकडं बघून हात जोडतो. शेजारचा प्रवासी वाकून बघतो, तिथं देऊळ दिसत नाही, आणि तो मला विचारतो, "कुनाला हो नमस्कार?"

"म्हाईत न्हाय," मी म्हणतो, आणि हात तसेच ठेवतो.