कळलावीचा कंद

वनस्पतिशास्त्राची पदवी हातात घेऊन मी कळलावीचा वेल कंदासकट उपटला. पदवी खरी होती. अक्कल यायची होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन नुकतीच अंबरनाथला बुवापाड्यात आले होते. गौरी तोंडावर आल्या तशा सासूबाई म्हणाल्या, "बदलापूरला माझ्या मावशीच्या शेतावर जा. तेरडा मुळासकट आण, मुळं म्हणजे गौरीची पावलं. आणि कळलावीची फुलं आण, ते तिचे हात." मी 'मुळासकट' तेवढं ऐकलं आणि दोन्हींना लावलं!

बांधावर तेरडा असा पसरला होता की गाडीभर नेला तरी कळू नये. कळलावी मात्र एकच, कुंपणावर, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. मी तिलाही खणून काढलं, आणि तिचा नांगरासारखा वाकडा कंद नाचवत मावशीआजींनाच शिकवायला लागले, "तेरडा द्विदल. ही एकदल, लिलीच्या कुळातली."

(पुढे शास्त्रज्ञांनी तिचं कूळ बदललं. लग्नात आमचंही बदलतंच. पण तिला नव्या घरची भांडी घासावी लागली नाहीत.)

"डाळ?" 'दल' ऐकून मावशीआजी किंचाळल्या. "शिजवू नको गो बाय, इख हाय त्यात!"

डाळीचा घोटाळा मिटला, तेव्हा त्यांना कुंपणाखालचा खड्डा दिसला. तेरडा बी सांडून दरसाल उगवतो, त्याची काळजी नाही, म्हणाल्या. पण ही कंदावर जगते. औषधवाल्यांना विकायला लोकांनी पोती भरभरून कंद नेले. साऱ्या टेकडीवर हा एकच वेल उरला होता, आणि वाडीतल्या प्रत्येक गौरीला हात त्याचेच.

नाव तिचं कळलावी, पण कळ लावली ती मी.

दोघींनी मिळून कंद परत पुरला. मी घरी चकार शब्द काढला नाही. वर्षभर मात्र बदलापूरहून कुणीही आलं की चहाआधी विचारायची, "कुंपण कसं आहे?" पाहुणे बिचारे गोंधळायचे.

पुढच्या गौरींना गेले ती थेट बांधावर. कुंपणावर पुन्हा ज्वाळा! मी अशी ओरडले की खाचरातले बगळे उडाले. मावशीआजींनी एक फूल खुडून माझ्या ओंजळीत ठेवलं, डोळे मिचकावले आणि म्हणाल्या, "हात ने, सूनबाई. पाय हितंच ऱ्हाऊ दे."