विहाराची उजवी भिंत

आमच्या वसाहतीतला विहार लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधला. कुणी विटा वाहिल्या, कुणी सुट्टीच्या दिवशी गिलावा केला. मी मात्र एकही घमेलं उचललं नाही, कारण समितीच्या अध्यक्षांनी मला आधीच बाजूला काढलं होतं. "मास्तर, तुमचे हात रंगासाठी ठेवा," ते म्हणाले. "ही उजवी भिंत तुमची. बुद्धांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग काढा. आपली पोरं तो बघत मोठी होतील."

मी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. तोवर कागदाहून मोठं काही काढलेलं नव्हतं, पण सगळ्यांसमोर छाती फुगवून म्हणालो, "बुद्धपौर्णिमेच्या आत भिंत पुरी करतो."

बुद्धपौर्णिमा आली आणि गेली. भिंत पांढरीच राहिली.

आधी म्हणालो, चुना अजून ओला आहे. मग म्हणालो, रंग मुंबईहून यायचेत. रंग आले तेव्हा शाळेच्या परीक्षा सुरू होत्या. लोक भले होते, कुणी टोचून बोललं नाही. पण बसमधून उतरलं की मी विहाराची गल्ली टाळून मागच्या बाजूने, नाल्याकडून घरी जायला लागलो.

काम करत नव्हतो असंही नाही. उलट दुसरं काही सुचतच नव्हतं. बसमध्ये जाता-येता गुडघ्यावर वही असायची. शेजारी बसलेल्या जवानांच्या बायका डोकावून बघायच्या. सोमवारी गृहत्याग पक्का व्हायचा. बुधवारपर्यंत तो शिळा वाटायचा आणि बुद्धांनी शांत केलेला पिसाळलेला हत्ती डोक्यात शिरायचा. शुक्रवारी पुन्हा पिंपळाचं झाड. एखादा प्रसंग ठरला की तासभर हलकं वाटायचं, मग आत परत खाजवल्यासारखं सुरू. जेवताना बोट ताटाच्या कडेवर रेघा मारत राहायचं. चार वह्या भरल्या.

पंचवटीत एक बोर्ड रंगवणारा बसायचा, त्याच्या दुकानासमोर मी उगाच उभा राहायचो. तो पत्र्यावर खडू फासलेली दोरी ताणून रेघ उडवायचा आणि चहा गार व्हायच्या आत अर्धी पाटी लिहून मोकळा. एकदा न राहवून विचारलं, "इतक्या लवकर सुरू कसं करता हो?"

तो हसला. "काय लिहायचं ते गिऱ्हाईक कागदावर देतं, मास्तर. मला कुठे ठरवायचं असतं?"

त्याचा मला हेवा वाटला, आणि रागही आला. त्याच तिरीमिरीत पुढच्या रविवारी कोळसा घेऊन विहारात गेलो आणि भिंतीवर गृहत्याग काढायला लागलो. घोडा, सारथी, मागे राजवाडा. दुपारपर्यंत अर्धी भिंत भरली. विहार झाडायला येणाऱ्या बाई केरसुणी हातात धरून मागे उभ्या होत्या.

"हे कुठलं गाव म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"कपिलवस्तू. बुद्धांचं गाव."

"तुमी गेलता तिथं?"

"नाही."

"मग ह्यो वाडा कुठं पाह्यला? लय वळखीचा वाटतो."

मी मागे सरकून पाहिलं. घुमट, कमानी, कारंजं. आमच्याच घरी भिंतीवर टांगलेल्या एका कॅलेंडरवरचा तो राजवाडा होता, जसाच्या तसा. घोडाही तिथलाच. मी फडकं ओलं केलं आणि सगळं पुसून टाकलं. बाई गोंधळल्या. "वाईट नाय म्हनलं मी," त्या म्हणत राहिल्या. "चांगलंच हाय की."

घरी येऊन चारही वह्या जमिनीवर फेकल्या आणि बायकोला म्हणालो, "उद्या अध्यक्षांना सांगून टाकतो. हे मला जमणार नाही."

ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, वह्या ओढून घेतल्या आणि एकेक पान उलटायला लागली. तोवर तिने त्या कधी उघडल्या नव्हत्या. चौथी वही संपल्यावर म्हणाली, "सगळं आहे यात. मोहरीची गोष्ट नाही."

ती गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. मेलेलं मूल कवटाळून एक आई बुद्धांकडे येते, त्याला उठवा म्हणते. ते म्हणतात, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कधी कुणी मेलं नाही अशा घरातूनच आण. ती दारोदार फिरते, पण तसं घर सापडत नाही.

"राहिली," मी म्हणालो.

"राहिली, की मुद्दाम ठेवली?"

आमची पहिली मुलगी पावणेदोन वर्षांची असताना तापाने गेली होती. तीन दिवसांचं दुखणं. त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. मधे मुलगा झाला, घर पुन्हा आवाजाने भरलं, पण तिच्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"ती गेल्यावर तुम्ही परत शाळेत जायला लागलात," बायको म्हणाली, "तेव्हा या गल्लीतल्या बायका रोज येऊन बसायच्या. समजूत कुणी घातली नाही. प्रत्येकीनं आपलं गेलेलं सांगितलं. समोरच्या काकूंची दोन गेलेली. मला तोवर माहीतच नव्हतं."

"ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी वह्या गोळा करून एकावर एक रचल्या. मग मी विचारलं, "काढू?"

"काढा. पण रडणारी बाई नको. दारं काढा, आणि दारात उभ्या असलेल्या बायका. मूल पदराखाली असू द्या, दिसायला नको."

त्या आठवड्यात समितीच्या बैठकीत मी प्रसंग सांगितला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. "मास्तर, विहारात आपली लग्नंही लागतात. तिथे मेलेलं पोर?"

एरवी मी लगेच दुसरं काहीतरी पुढे केलं असतं, वह्या भरलेल्याच होत्या. त्या दिवशी म्हणालो, "मी हेच काढणार. नको असेल तर दुसरा चित्रकार बघा, मला राग नाही. मूल दिसणार नाही. आपल्या गल्लीतली दारं दिसतील. तुमचंही असेल."

ते चष्मा काढून पुसत राहिले. "माझ्या दारात कोणाला उभं कराल?"

"तुम्ही सांगाल त्याला."

"आईला करा," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा ती तशीच चौकटीला धरून उभी होती." मग इतरांकडे न बघता म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

आठ दिवस मी वही घेऊन घरोघर फिरलो. निळं पत्र्याचं दार, गोणपाटाचा पडदा, एका दाराला नुसतीच साखळी. प्रत्येक ठिकाणी चहा झाला आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आठवलं गेलं. मग फळ्या बांधून वर चढलो. अस्वस्थपणा गेला नव्हता. फक्त आता तो कामाच्या बाजूने होता. शाळा सुटली की थेट विहारात, असे दोन महिने गेले.

शेवटच्या दिवशी बायको बघायला आली. मोहरी मागणाऱ्या आईच्या पदराच्या काठाखालून मी एक इवलंसं पाऊल बाहेर ठेवलं होतं. तिला आणि समितीला दिलेला शब्द मोडला होता आणि ते मला ठाऊक होतं. तिने भिंतीजवळ जाऊन ते पाऊल पाहिलं.

"पुसू?" मी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली आणि मुलाचा हात धरून बाहेर गेली.

पुढच्या वर्षी पिंपळगाव बसवंतहून काही लोक आले. त्यांनाही विहारात चित्र हवं होतं. "काय काढाल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आत्ता नाही सांगता येणार. आधी आठ दिवस तुमच्याकडे येऊन राहतो." त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण रविवारच्या बसने मी गेलो.