टाक्याचा दोरा

परवा नातीच्या दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासानं मी मनानं लातूरजवळच्या मुरुडला, माझ्या गावी पोचलो. लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. माझी अक्कलदाढ कापून काढलेली. "विरघळणारे टाके आहेत," डॉक्टर म्हणाले. घरातला पहिला पदवीधर मी. न कळताच मान डोलावली.

टँकरचं पाणी थुंकवेना, म्हणून मी मिठाच्या पाण्याची चूळ गिळायचो. पाचव्या दिवशी चुळीसोबत टाक्याचा दोराही पोटात गेला. आता जखम उसवणार, या धास्तीनं तोंड गच्च मिटून मायला खुणेनं सांगितलं.

"डाक्टरला इचारलं न्हाईस?" म्हणत ती एसटीनं लातूरला डॉक्टरांकडे जाऊन आली.

"दोरा आपोआप जातोय म्हणं. उघड तोंड! अन् चूळ थुंक, पाणी आणायला मी हाय की."

जीव भांड्यात पडला, तरी तिनं दवाखान्यात असलं अडाण्यासारखं विचारलं, याची मला लाज वाटली. ती लाज आठवली की आज मान खाली जाते.