आर्लचं ऊन कोणाला लागलं

आमच्या घरात एक कथा दर उन्हाळ्यात सांगितली जाते आणि दर वेळी ती अधिक किळसवाणी होते. चंद्रपूरचा माणूस, औष्णिक वीज केंद्रात बॉयलरजवळ नोकरी काढलेला, केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत केस पांढरे केलेला, तो म्हणे फ्रान्सच्या उन्हात भोवळ येऊन पडला. हे खोटं आहे. भोवळ माझ्या पत्नीला आली होती. आजवर मी गप्प राहिलो. आता त्याचं कारण उरलेलं नाही.

मुलगा दक्षिण फ्रान्समध्ये, मोंपेलिएला असतो. जुलैत आम्ही त्याच्याकडे गेलो. सकाळी रेल्वेने एखाद्या जुन्या गावी जायचं आणि रात्री परतायचं, असा बेत होता. आधी नीम, मग आर्ल, शेवटी आव्हिन्यों. पत्नीला रस होता तो आव्हिन्योंच्या पुलात, जो नदीच्या मध्यावरच संपतो. तिचं माहेर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीकडचं. लहानपणी ती डोंग्यातून नदी ओलांडत असे. अर्धा पूल पाडून न टाकता कोणी शतकानुशतकं जपून ठेवतं, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

नीमविषयी मुलगा भारावून बोलतो. मला आठवतो तो रेल्वेचा डबा. खिडक्या उघडत नव्हत्या, गार हवा बंद होती, घाम आणि अत्तर एकत्र नासलं होतं आणि समोरच्या बाईच्या मांडीवरचा कुत्रा माझ्या बुटावर लाळ गाळत होता. गावात माणसं आणि जनावरं मरताना पाहण्यासाठी रोमनांनी बांधलेलं प्रचंड दगडी वर्तुळ आहे. त्याच्या कमानींखाली मुताची दुर्गंधी होती. आमच्या गोंडकालीन परकोटालाही तीच येते. पण तिथे नाक धरण्यासाठी तिकीट काढावं लागत नाही.

आर्लला निघताना आम्ही घरच्या रीतीने निघालो. डोकं, कान, तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे, आणि खिशात एकेक कांदा. चंद्रपुरात मे महिन्यात याशिवाय कोणी चौकापर्यंतही जात नाही. डब्यात तिकीट तपासनीस आमच्यापाशी थांबला. कथेत मी त्याच्याशी भांडतो. मला फ्रेंच येत नाही, भांडणार कशाने? तिथे चेहरा झाकायला कायद्याने बंदी आहे, एवढंच त्याचं म्हणणं, असं मुलाने सांगितलं. कान बांधायला हरकत नव्हती. हरकत होती ती मुलाच्या लाजेची. त्याने दोन्ही दुपट्टे पिशवीत कोंबले आणि आम्हाला टोप्या दिल्या.

आर्ललाही तसंच वर्तुळ. भर दुपार, पांढरा दगड, आणि आमचे कान उघडे. मुलगा पाणी आणायला गेला तेवढ्यात पत्नी पायरीवर कोसळली. मी तिला कमानीच्या सावलीत ओढलं, पिशवीतला दुपट्टा काढून कान बांधले, कांदा फोडून नाकाशी धरला. डोळे उघडताच ती म्हणाली, "तुमाले भोवळ आली म्हना. मले आली म्हनलं तं पोट्टा उद्या नेत नाई."

माझं नाव जाईल, असं मी म्हणालो.

"तुमचं नाव का इथी कोरून हाय?"

गल्लीच्या तोंडाशी मुलगा बाटल्या घेऊन येताना दिसला. मी आडवा झालो. त्या दगडावर कुणाचं तरी आइस्क्रीम वितळलं होतं, त्यात कबुतरांची घाण कालवली होती, आणि त्यावर माझा गाल चिकटला. अनोळखी लोक भोवती जमून नकाशांनी वारा घालत होते. इतकी शिसारी मला पूर्वी कधी आली नव्हती.

व्हायचं ते उलटंच झालं. बाबांना झेपत नाही, असं म्हणून मुलाने आव्हिन्यों रद्द केलं. दुसरा दिवस आम्ही मुलाच्या घरी, खिडक्यांच्या बंद झडपांमागच्या अंधारात काढला. ती माझ्याशी बोलली नाही, जणू पडलो मीच होतो.

गेल्या वर्षी मुलाचा फोन आला. बाबांना ऊन सोसत नाही, तेव्हा या वेळी आईने एकटीनेच यावं. पत्नीने फोन कानाशी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात मला माझी इभ्रत परत मिळाली असती. मी म्हणालो, "बरोबर आहे त्याचं. मला नाही झेपत." त्यानंतर ती परत येईपर्यंत चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज तेच ऐकलं, "काऊन भाऊ, ऊन लागलं म्हनते तुमाले?"

पूल पाहून ती परतली. कसा आहे, असं विचारलं तर म्हणाली, "अर्धाच हाय. पन नीट ठेवला." मला वाटलं, आता ती खरं सांगेल. संध्याकाळी शेजारणी जमल्या, आणि त्या कमानीची, कबुतरांची, कांद्याची सगळी हकीकत तिने रंगवून सांगितली. कांदा फोडणारी ती होती, आणि पायरीवर पडलेला मी.

सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत संकोचाचा लवलेशही नव्हता. तिला आता ते तसंच आठवतं.