जावळाचं बोलावणं

खुनाचे तपास आता पुसट झालेत, पण दोन वर्षांच्या एका मुलीला शोधण्याची ती घटना आजही आठवते आणि आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यात ठाणेदार होतो. नवराबायकोचं भांडण झालं, बायको रिसोडजवळच्या माहेरी गेली आणि मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली. आईने ताब्यासाठी न्यायालयात अर्ज केला, तर बापाने शपथेवर लिहून दिलं, की मुलगी आईनेच नेली. न्यायालयाने मुलीला शोधून हजर करण्याचं वॉरंट आमच्याकडे पाठवलं.

तीनदा बापाच्या घराची झडती घेतली. आजी दारातच तयार, "पोरगी अथी नाई साहेब. मायनंच नेली." शेजाऱ्यांच्या तोंडाला कुलूप. तिन्ही वेळा पंचनाम्यात 'मुलगी मिळून आली नाही' असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि काम झालं असं समजून मी परतलो. यात सात महिने गेले.

मग एका दुपारी मुलीचा मामा ठाण्यात आला. अर्धा तास हेल्मेट मांडीवर घेऊन नुसता बसून होता. शेवटी म्हणाला, "साहेब, शुक्रवारी मले धनजले बलावलं. भाऊजीच्या बहिणीकडं. भाचीचं जावळ हाय. जाऊ का नोको?"

"तुला कधी कळलं?"

"झाले चार दिवस. बहिणीले सांगू नोको म्हने, मंग नाई सांगतलं. कपडे बी घेऊन ठेवले म्या."

मी कपाळावर हात मारला. बहीण रडून अर्धी झालेली आणि हा भाचीला फ्रॉक घेऊन बसला होता! त्याच्या मोबाइलमधल्या निरोपासह जबाब नोंदवला आणि बापाला बोलावून घेतलं.

"मुलगी कुठं आहे?"

"मायजवळ."

"मग शुक्रवारी जावळ कोणाचं?"

तो मलाच समजावू लागला, "साहेब, मामाच्या मांडीवर बसवल्याबिगर जावळ कसं काढता येते? लोक काय म्हनतीन?"

"शपथेवर खोटं लिहिताना लोक नाही आठवले?"

"ते तं कोर्टाचं काम होतं साहेब."

त्याच दिवशी पंच, महिला शिपाई आणि आईला घेऊन धनज गाठलं. मुलगी आत्याच्या अंगणात खेळत होती. आई धावली तशी ती घाबरून आत्याच्या मागे लपली आणि रडू लागली. दुसऱ्या दिवशी तिला न्यायालयात हजर केलं. तात्पुरता ताबा आईला मिळाला.

अशा प्रकरणात मोठी माणसं जिंकायला बसलेली असतात, घाई कोणालाच नसते. मलाही नव्हती, हे लिहिताना लाज वाटते. पुढे असं वॉरंट आलं की मी घरच्यांच्या जबाबावर थांबलो नाही. अंगणवाडीतली हजेरी, लसीकरणाची नोंद, आत्या-काकांची घरं, सगळं पहिल्याच आठवड्यात तपासलं.

न्यायालयाबाहेर मुलगी रडून थकून आईच्या खांद्यावर झोपली होती. आईने हळूच विचारलं, "साहेब, उठल्यावर हे पोरगी मले ओळखीन ना?"

"ओळखेल," मी म्हणालो. मला ते माहीत नव्हतं.