तोंडातल्या खिळ्यांची चव

सोफा-खुर्च्यांना कापड मारणाऱ्या त्या माणसाला सगळे खिळेदादा म्हणत, कारण त्याचं तोंड म्हणजे खिळ्यांची डबीच. मूठभर बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे काढायचा आणि हाणायची हातोडी! गिऱ्हाइकाशी घासाघीसही तशीच, एक खिळा न सांडता. जन्मभर गुडघे टेकून काम केलं आणि शेवटी उजव्या गुडघ्याने हात टेकले. नवा बसवावा लागला.

गुडघा बदलला, स्वभाव थोडाच बदलतो? पायाला भिंगरी लागलेला माणूस खाटेवर कसला पडून राहतोय! मांडीत बारीक नळी होती, तिच्यातून पंपाने बधिर करणारं औषध थेंबथेंब जायचं, म्हणून दुखणं बेतानेच होतं. सिस्टरने मात्र बजावलं होतं, "दादा, तोंडाला लोखंडासारखी चव आली, ओठ बधिर झाले, कानात गुणगुणलं, तर लगेच सांगा. औषध रक्तात जास्त गेलं तर जिवावर बेतेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चव आली. दादाला वाटलं, ही तर आपली घरचीच! ओठही खिळ्यांनी असेच बधिर व्हायचे. मग कानात भुंगा शिरला. उशी अशी कर, तशी कर; चादर ओढ, लाथाड. आता मात्र मनात पाल चुकचुकली. पण सांगावं तर पंप बंद करणार, आणि शेजारच्या खाटेवरचे मास्तर सकाळी त्यांचा पंप काढल्यावर केवढे कण्हत होते! दादा ओठांवरून जीभ फिरवत राहिला.

"अहो, मुंग्या चावतायत का?" बायको म्हणाली.

"छे गं."

"मग ओठांवरून सारखी जीभ काय फिरवताय?"

"सवय. खिळ्यांची चव येतेय जराशी."

"खिळे दुकानात, तुम्ही इथे! चव कुठून येणार? आणि नजर का चोरताय? गिऱ्हाइकाचं कापड वाकडं कापलं की अशीच चोरता. सिस्टर! ओ सिस्टर!"

"ओरडू नकोस, बंद करतील! दुखेल मला!"

"दुखू दे! दुखायला माणूस तर उरू दे!"

सिस्टर धावली. आधी पंप बंद केला, मग नाकाला ऑक्सिजन लावला. भूल देणारे डॉक्टर आले, छातीला तारा जोडल्या, उतारा म्हणून दुधासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली हाताशी ठेवली. ती लागली नाही. हळूहळू चव गेली, भुंगाही उडाला.

संध्याकाळी गुडघ्याने आपला रंग दाखवला. गोळ्या झाल्या, बर्फ झाला, तरी दादाच्या तोंडून निघालंच, "आई गंऽ!"

"या, दादा," मास्तर पलीकडून म्हणाले, "एकट्याने कण्हून कंटाळलो होतो."

बायको पदराने डोळे पुसत हसली.