पोटावरची माती

आमच्या घरात निसर्गोपचार शिरला तो नानांबरोबर. नाना म्हणजे माझे वडील, अमळनेरला शाळामास्तर. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्याशा आश्रमात महिनाभर राहून आले आणि येताना औषधांचा द्वेष घेऊन आले. आल्यागेल्याला ते एकच गोष्ट सांगत: जर्मनीत क्षयाने खंगलेला एक तरुण भर थंडीत नदीत उतरला, बरा झाला, पुढे पाद्री होऊन लोकांना पाण्याने बरं करू लागला. गोष्ट चांगली होती. मलाही आवडायची.

माती आणायचं काम माझं. बोरी नदीच्या काठची, हातभर खोल उकरलेली. वाळवायची, आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळायची, रात्री भिजत घालायची आणि सकाळी फडक्यावर थापून दुखऱ्या जागी ठेवायची. आई ती चाळणी दहादा धुऊन घ्यायची. तिच्या चतुर्थी-एकादशीला नाना अंधश्रद्धा म्हणत आणि स्वतः तिला लिंबूपाण्यावर तीन-तीन दिवस ठेवत. ती हसून म्हणायची, "तुमना उपास काय नि मना काय, पोटले दोन्ही सारखाच."

खोटं कशाला बोलू, बद्धकोष्ठ, डोकेदुखी असल्या तक्रारींना गुण यायचा. तिथेच घात झाला.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आईला ताप भरला. चौथ्या दिवशीही उतरेना. नानांनी तिचं जेवण बंद केलं. पोटावर माती, कपाळावर माती. आठव्या दिवशी ती बरळू लागली तेव्हा नानांचा चेहरा उजळला. "उफाळा आला," म्हणाले. त्यांच्या शास्त्रात दुखणं वाढलं की समजायचं, शरीर घाण बाहेर फेकतंय. म्हणजे उतार पडला तरी उपचाराचा गुण आणि वाढलं तरी उपचाराचाच गुण. असल्या शास्त्रात मास्तर चुकणार कसा?

डॉक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच राहत. दुपारी नाना शाळेत गेल्यावर आई जरा शुद्धीवर आली. तिने माझा हात धरला. "डॉक्टरले बलाव व माय."

मी म्हणाले, नाना येऊ देत. आणि मातीची पट्टी बदलली.

ताप मला कळत नव्हता असं नाही. मला नानांची भीती वाटत होती, एवढंच. अकराव्या दिवशी आई गेली. भेटायला येणाऱ्यांना नाना सांगत, "उपचार उशिरा सुरू झाले."

हल्ली निसर्गोपचार केंद्रात माती लावण्याआधी रक्त तपासतात, ताप असला तर दवाखान्यात धाडतात. तिथल्या एका डॉक्टर मुलीने मला हे हसत हसत सांगितलं. मला तिचं हसणं सोसवलं नाही.

आई गेल्यावर चार वर्षांनी, एका सकाळी नानांच्या छातीत कळ आली. माती घरात भिजलेली होतीच. नानांनी तो नेम सोडला नव्हता. मी पट्टी थापली आणि त्यांच्यापुढे नेली. जन्मभर घरात शुद्ध मराठी बोलणाऱ्या त्या माणसाने ती हाताने दूर ढकलली.

"डॉक्टरले बलाव व माय."

मी पट्टी खाली ठेवली. हात धुतले, नखांतली माती काढली. मग निघाले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत धावत नाही, चालत गेले.

डॉक्टर वेळेवर पोचले. नाना वाचले, पुढे बरीच वर्षं जगले. त्यांची खाट खिडकीशीच होती, मी चालत गेले ते त्यांनी पाहिलं होतं.